पावकी ते औटकी : अपूर्णांकांच्या गुणाकाराची मराठी परंपरा
(मांजरसुंबा परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राथमिक शाळेतील गणितात अपूर्णांकांचा गुणाकार हे प्रकरण करावयास सर्वांत सोपे आणि समजावयास सर्वांत अवघड आहे. अंशाला अंशाने गुणावे, छेदाला छेदाने गुणावे, की उत्तर तयार होते. बेरजेसाठी छेद समान करण्याचा जो खटाटोप करावा लागतो, तो येथे करावा लागत नाही. परंतु १/२ × १/३ = १/६ हे उत्तर बरोबर लिहिणाऱ्या मुलाला 'गुणाकार केल्यावर संख्या लहान कशी झाली?' असे विचारले, तर तो बहुधा निरुत्तर होतो. तीन-चार वर्षे पाढे म्हणताना गुणणे म्हणजे वाढविणे ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसलेली असते आणि या प्रकरणात तिला प्रथमच धक्का बसतो.

ही अडचण केवळ बालबुद्धीची नाही. तिला भाषेचा इतिहास आहे, नाण्यांचा व मापांचा इतिहास आहे, आणि मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी या सात कोष्टकांचाही इतिहास आहे. या कोष्टकांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे ती निव्वळ घोकंपट्टी होती व तिचा लोप झाला हे बरेच झाले. दुसऱ्या मताप्रमाणे ती मराठी गणितबुद्धीचा पाया होती व ती गेल्यामुळे हिशेबाची शक्तीच गेली. दोन्ही मते कोष्टकांच्या घडणीकडे फारसे लक्ष न देता बनलेली आहेत. ही कोष्टके कोणते ज्ञान देत होती, कोणते देऊ शकत नव्हती, आणि ती गेली तेव्हा त्यांच्याबरोबर नेमके काय गेले, याचा विचार येथे केला आहे.

विवेचनाला स्थळाचा एक आधार असावा म्हणून बीड तालुक्यातील मांजरसुंबा हे गाव व त्याचा परिसर समोर ठेवला आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव मार्गांच्या संगमावर आहे. धुळे-सोलापूर हा हमरस्ता येथून जातो, आणि पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला येथेच मिळतो. जवळच मन्मथस्वामींचे कपिलधार हे क्षेत्र आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि पश्चिमेला लागून असलेला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे बीड जिल्ह्याची पश्चिम सीमा ही दोन राज्यांची व दोन नाण्यांची सीमा होती. अपूर्णांकांच्या इतिहासात या गोष्टीला किती महत्त्व आहे ते पुढे दिसेल.

२. शास्त्राची वाट

संस्कृत गणितग्रंथांत अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम फार जुन्या काळापासून निश्चित झालेला होता. ब्रह्मगुप्ताच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (इ. स. ६२८) तो आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील महावीराचार्याच्या 'गणितसारसंग्रहा'त अपूर्णांकांचे विस्तृत वर्गीकरण आहे. भास्कराचार्याच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) हा नियम एका ओळीत सांगितला आहे : अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावे. भास्कराचार्याचे विज्जलविड हे गाव म्हणजेच बीड असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तथापि दुसरी मतेही आहेत, आणि चाळीसगावजवळील पाटण येथील त्याच्या वंशजांचा शिलालेख पाहता बीडचा दावा निर्णायक मानता येत नाही. प्रस्तुत विषयाला त्याची गरजही नाही.

गरज आहे ती एका भेदाची. या ग्रंथांत अपूर्णांकाच्या निरनिराळ्या 'जाती' सांगितल्या आहेत. पूर्ण संख्येत भाग मिळविला की भागानुबंध होतो आणि पूर्ण संख्येतून भाग वजा केला की भागापवाह होतो. भागाचाही भाग घेतला की प्रभाग होतो. प्रभाग आणि गुणाकार यांचे उत्तर एकच येते. तरीही प्रभाग ही कल्पना स्वतंत्रपणे नोंदवावी असे या गणितज्ञांना वाटले. कारण उघड आहे. 'अर्ध्याचा तिसरा भाग' हे वाक्य समजावयास गुणाकार शब्दाची आवश्यकता लागत नाही.

'लीलावती'तील प्रभागाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका कृपणाने याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा भाग दिला. तर त्याने किती दिले? गुणाकार करीत गेल्यास अनुक्रमे १/२, १/३, १/४, १/२०, १/३२० आणि शेवटी १/१२८० असे उत्तर येते. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म होता. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. कृपणाने अवघी एक कवडी दिली. गुणाकाराने संख्या लहान होते ही गोष्ट येथे विनोदाच्या रूपाने विद्यार्थ्यापुढे येते. प्रत्येक 'च्या'बरोबर दान आकसत जाते, आणि ते का आकसते हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

या उदाहरणातील सगळा भार षष्ठीच्या प्रत्ययावर आहे. मराठीत तो 'चा-ची-चे' या रूपाने येतो. गुणाकाराच्या चिन्हाला अपूर्णांकाच्या बाबतीत हा प्रत्यय हाच खरा अर्थ देतो, हे पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

३. शब्दांची घडण

मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द तपासले, तर शास्त्रकारांनी केलेले वर्गीकरण लोकभाषेत आपोआप उतरलेले दिसते. 'पाव' हा संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. 'सवा' किंवा 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासहित. हा भागानुबंध झाला. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पावाने उणे. हा भागापवाह झाला. 'साडे' हे 'सार्ध' शब्दाचे रूप आहे. 'निमकी'तील 'निम' शब्दाचा संबंध सामान्यतः फारसी 'नीम' शब्दाशी जोडतात. संस्कृतातही अर्धा या अर्थी 'नेम' हा शब्द आहे, आणि हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत.

उरलेल्या तीन शब्दांची घडण निराळी आहे. 'दीड' हा 'द्व्यर्ध' शब्दापासून, 'अडीच' हा 'अर्धतृतीय' शब्दापासून आणि 'औट' हा 'अर्धचतुर्थ' शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला. अर्धतृतीय म्हणजे ज्यातील तिसरा अर्धाच आहे ते. दोन पुरे झाले व तिसऱ्याचा अर्धा भाग झाला, असा त्याचा आशय. ही मोजण्याची रीत मराठीपुरती नाही. जर्मन भाषेत दीडला 'दुसरा अर्धा' असाच शब्द आहे, रशियन भाषेतही तसाच आहे. रोमन लोकांचे 'सेस्टर्टियस' हे नाणे अडीच 'आस' किमतीचे होते आणि त्याच्या नावाचा अर्थ 'अर्धा तिसरा' हाच आहे. डॅनिश भाषेत पन्नासाला जो शब्द आहे तो मुळात 'अर्धा-तिसरा वेळा वीस' असा आहे; म्हणजे अडीच गुणिले वीस. तेथील बालकही अपूर्णांकाचा एक गुणाकार न कळत उच्चारीत असते.

मराठी बालक तर असे गुणाकार रोज उच्चारते. पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, अडीचशे, सव्वा लाख हे सर्व शब्द वस्तुतः गुणाकार आहेत. दीडशे म्हणजे शंभर आणि अर्धा नव्हे. दीड वेळा शंभर. पाऊणशे म्हणजे शंभराच्या तीन चतुर्थांश, पंच्याहत्तर. सव्वादोनशेमध्ये आधी 'सव्वादोन' ही संख्या बनते आणि मग ती शेकड्याला गुणते, म्हणून उत्तर २२५ येते. घड्याळाच्या भाषेतही हेच चालते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, दीड तास म्हणजे ९० मिनिटे. गुणाकाराचे चिन्ह कधीही न पाहिलेला मनुष्य या क्रिया बिनचूक करतो. कारण येथे अपूर्णांक स्वतंत्र वस्तू म्हणून न येता कशाचे तरी माप म्हणून येतो.

'औट' शब्द मात्र मागे पडला व त्याची जागा 'साडेतीन'ने घेतली. 'औट हात' देह आणि 'औट घटकेचे राज्य' अशा प्रयोगांतच तो आता भेटतो. घटका २४ मिनिटांची धरली तर औट घटका म्हणजे ८४ मिनिटे होतात. वाक्प्रचाराचे बळ या हिशेबात आहे, परंतु हिशेब करणारे आता थोडे आहेत.

४. कोष्टकांची रचना

पंतोजीच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर अंक गिरवी, मोठ्याने पाढे म्हणे आणि संध्याकाळी परवच्यात त्यांची उजळणी करी. पूर्ण संख्यांचे पाढे झाल्यावर अपूर्णांकांच्या कोष्टकांची पाळी येई. लेखनात पाव, अर्धा व पाऊण यांसाठी अनुक्रमे एक, दोन व तीन उभ्या रेघा ओढीत. म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीतच पाव हे एकक ठरलेले होते आणि अपूर्णांक हा मोजण्याचा विषय बनलेला होता. अंश-छेदाची उतरंड त्यात नव्हती.

या कोष्टकांची घडण एका ठिकाणी पाहावयाची असेल, तर प्रत्येकातील चौथे पद घ्यावे. चाराची पावकी एक, निमकी दोन, पाऊणकी तीन, सवायकी पाच, दीडकी सहा, अडीचकी दहा आणि औटकी चौदा. पहिल्या तीन कोष्टकांत चार ही संख्या घटते, पुढच्या चारांत ती वाढते. तथापि सातही कोष्टकांना एकच 'की' प्रत्यय लागतो, सातही एकाच चालीवर म्हटली जातात आणि एकाच क्रमात बसतात. व्यवहारातील मराठी या ठिकाणी दोन वाटा करते. एकापेक्षा मोठ्या गुणकासाठी ती सहजपणे 'पट' वापरते : दीडपट, अडीचपट. एकापेक्षा लहान गुणकासाठी ती 'चा' वापरते : चाराचा निम्मा, चाराचा चौथा हिस्सा. कोष्टकांनी या दोन वाटा एकत्र आणल्या. निमकी आणि दीडकी ही एकाच जातीची क्रिया आहे, आणि गुणक एकाच्या अलीकडे असला तर संख्या घटते, पलीकडे असला तर वाढते, ही गोष्ट पाठांतराच्या रचनेतच ठसलेली होती. ती कोणी शब्दांत सांगत नसे हे खरे. परंतु 'गुणणे म्हणजे वाढविणे' ही समजूत पक्की होण्यास तेथे वावच नव्हता.

दुसरे वैशिष्ट्य आवर्तनाचे आहे. पाऊणकी पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी जाते आणि पुढे पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा असे तेच वळण घेते. दर चौथ्या पदाला पूर्णांक येतो. सवायकीत सव्वा, अडीच, पावणेचार, पाच असा क्रम आहे. कोष्टके एकमेकांत गुंतलेलीही आहेत. पाऊणची दुप्पट दीड आणि सव्वाची दुप्पट अडीच. म्हणून दीडचा निम्मा पाऊण आणि अडीचचा निम्मा सव्वा, हे विद्यार्थ्याला आयते मिळते.

याचा उपयोग अपूर्णांकाला अपूर्णांकानेच गुणण्याच्या वेळी होई. अडीच आणे शेर भावाने साडेतीन शेर जिन्नस घेतला, तर तीन शेरांचे अडीचकीने साडेसात आणे झाले, अर्ध्या शेराचा निम्मा भाव सव्वा आणा झाला. एकूण पावणेनऊ आणे, म्हणजे ८ आणे ९ पै. अंश-छेदाच्या नियमाने ७/२ × ५/२ = ३५/४, म्हणजे ८ ३/४ हेच उत्तर येते. आजच्या पद्धतीने साडेतीन एकक लांब व अडीच एकक रुंद असा आयत काढला, तर त्यात सहा पूर्ण चौरस, पाच अर्धे चौरस आणि एक पाव चौरस सापडतो, बेरीज तीच. तिन्ही रीतींतील फरक विचारात घेण्याजोगा आहे. नियमाने उत्तर मिळते पण कारण दिसत नाही. आयताने कारण दिसते पण व्यवहार दिसत नाही. तोंडी रीतीत गुणकाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला भावाचा एक अर्थ राहतो, आणि उत्तर पावणेनऊच्या आसपास असावे याचा अंदाज आधीच आलेला असतो.

५. मर्यादा

कोष्टकांचे हे गुण मान्य केल्यावर त्यांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सातही कोष्टके पाव आणि अर्धा यांच्या पलीकडे जात नाहीत. तृतीयांश, पंचमांश, सप्तमांश यांना त्यांत स्थान नाही. याचे कारण मापांत आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा. ही सर्व व्यवस्था निम्मे आणि पाव यांवर उभी होती. वस्तू निम्मी करणे हाताला व डोळ्याला सोपे आहे, तिचे सात सारखे भाग करणे अवघड आहे. मापांनी भाषा घडविली आणि भाषेने कोष्टके घडविली.

शेजारच्या भाषांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. हिंदी व गुजराती मुलखांतील शाळांतही पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच यांचे पाढे होते. मराठीतील औटाला हिंदीत 'हूँठा' आणि गुजरातीत 'ऊंठा' हे सगोत्र शब्द आहेत. हिंदीत तर साडेचाराचा 'ढौंचा' आणि साडेपाचाचा 'पहुँचा' असे पुढचेही पाढे होते. तमिळ परंपरा मात्र निराळ्या दिशेने गेली. तेथे विसांश, ऐंशीअंश आणि ३२० वा भाग यांनाही स्वतंत्र नावे होती, आणि 'एण्सुवडि' या कोष्टकग्रंथांत अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणण्याची कोष्टके होती. ज्या भाषेने जितक्या अपूर्णांकांना नावे दिली, तितकाच तिच्या पाढ्यांचा विस्तार झाला.

मराठी कोष्टकांची मर्यादा जेथे रोज अनुभवास येत असली पाहिजे, अशा प्रदेशांपैकी मांजरसुंब्याचा परिसर हा एक होय. हैदराबाद संस्थानात हाली शिक्का चाले, सीमेपलीकडे कलदार रुपया. दोन्ही रुपये सोळा आण्यांचे. परंतु त्यांचा ठरलेला दर ७ हाली रुपयांस ६ कलदार असा होता. १०० कलदार रुपये म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. एका कलदार रुपयाचे हाली १ रुपया २ आणे ८ पै होत, कारण त्यात एक षष्ठांश मिळवावयाचा असे. उलट हिशेब याहून वाईट होता. एका हाली रुपयाचे कलदार १३ आणे ८ पै आणि वर एका पैचे चार सप्तमांश. म्हणजे घाटावरून पश्चिमेकडे माल नेणाऱ्यास ६/७ ने आणि तिकडून येणाऱ्यास ७/६ ने गुणावे लागे. पावकीपासून औटकीपर्यंतचे एकही कोष्टक येथे कामास येत नाही. येथे त्रैराशिकच लागते. म्हणजे शास्त्राने सांगितलेली अंशाने गुणून छेदाने भागण्याची रीत. लोकपरंपरेने जे सोपे केले होते, त्याच्या पलीकडे व्यवहार गेला की शास्त्राच्या सर्वसामान्य नियमाची गरज भासते, याचे हे ठळक उदाहरण आहे. हैदराबादचे चलन पुढे बंद झाले व १९५९ मध्ये त्याची कायदेशीर मान्यता संपली.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. ही विद्या सर्वांची नव्हती. पंतोजीच्या शाळेत मुख्यतः लेखणी आणि तराजू यांवर उपजीविका असलेल्या घरांतील मुलगे जात. शेतकऱ्याचा, कारागिराचा, अस्पृश्य मानलेल्या जातींतला मुलगा आणि जवळजवळ सगळ्या मुली तिच्या बाहेर होत्या. हिशेब येणारा सावकार आणि हिशेब न येणारे कूळ यांच्यातील अंतर अनेकदा एका दीडकीचे असे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा आग्रहाने समावेश केला, त्याचे कारण या परिस्थितीत शोधले पाहिजे. हैदराबाद संस्थानात तर १८८४ नंतर राज्यकारभाराची भाषा उर्दू होती व वरच्या शिक्षणाचे माध्यमही पुढे तेच झाले. त्यामुळे मराठवाड्यातील सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने शाळा आणखी एका भाषेने दूर गेली. जुन्या कोष्टकांचा गौरव करताना ती कोणाच्या तोंडी होती हे विसरून चालणार नाही.

६. छापील गणित आणि दशमान व्यवस्था

१८२२ मध्ये मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने पाश्चात्त्य गणित मराठीत येऊ लागले. हटनच्या गणितग्रंथाच्या आधारे 'शिक्षामाला' त्या दशकातच तयार झाली. या ग्रंथनिर्मितीने मराठीला गणिताचे शास्त्रीय गद्य दिले, हे तिचे मोठे कार्य होय. अंश आणि छेद या संज्ञा संस्कृत परंपरेत होत्याच. आता त्या शालेय मराठीत रूढ झाल्या. त्यामुळे अपूर्णांकांच्या दोन भाषा शेजारी शेजारी नांदू लागल्या. एकीकडे पाव, पाऊण, दीड, अडीच. दुसरीकडे एक चतुर्थांश, तीन चतुर्थांश, तीन द्वितीयांश, पाच द्वितीयांश. पहिली भाषा घरची होती व तिला मर्यादा होत्या. दुसरी सर्वसमावेशक होती व ती परकी वाटे. जोपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता, तोपर्यंत या दोन भाषांमध्ये नाण्याचा पूल होता. 'तीन चतुर्थांश' न समजलेल्या मुलाला 'बारा आणे' म्हटले की पुरे होई.

हा पूल १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आल्यावर ढासळू लागला. एका आण्याचे सहा पूर्णांक एक चतुर्थांश नवे पैसे झाले. चार, आठ आणि बारा आणे यांचे २५, ५० व ७५ असे नेटके रूपांतर झाले. परंतु अडीच आण्यांचे १५ ५/८ नवे पैसे होत, आणि ते कोणत्याही नाण्यात देता येत नव्हते. १९५६ च्या कायद्याने ठरविलेली मेट्रिक वजनमापे १९५८ पासून क्रमाने लागू होऊन १९६२ मध्ये बंधनकारक झाली. शेर, मापटे, चिपटे गेले, किलोग्रॅम आला. नव्या व्यवस्थेत हिशेब निःसंशय सोपे झाले. ज्या मुलांना पावकीपासून औटकीपर्यंत पाठ करण्याइतकी वर्षे शाळेत मिळत नव्हती, त्यांच्या दृष्टीने तर हा मोठाच लाभ होता. मराठवाड्यात हा बदल आणखी वेगाने झाला. १९४८ मध्ये राज्य बदलले, १९५६ मध्ये प्रांत बदलला, १९५७ मध्ये नाणे बदलले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. एका पिढीच्या आत शाळेची मालकी, नाणे आणि माप ही तिन्ही बदलली.

कोष्टके अंकलिप्यांतून छापली जात राहिली, पण त्यांचा आधार गेला होता. ज्या पाढ्याने काही विकत घेता येत नाही तो पाढा मुलाला ओझे वाटतो. म्हणून पाठांतराचा लोप ही केवळ शिक्षणखात्याच्या धोरणाची परिणती मानता येणार नाही. तो नाण्याचा परिणाम होता. 'चार आणे' या नावाने ओळखले जाणारे २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, आणि सोळा आण्यांच्या रुपयाची ती खूणही संपली.

७. काय गेले आणि काय उरले

शब्द मात्र उरले. मांजरसुंब्याच्या दुकानात आजही पाव किलो साखर व अर्धा लिटर दूध मिळते. एस. टी. सव्वादोनला सुटते आणि प्रवासाला पाऊण तास लागतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या मजुरांत नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात व एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. उचलीचा हिशेब त्यावर चालतो. पिकाचा अंदाज पूर्वी रुपयाला इतके आणे अशा 'आणेवारी'ने सांगत. पुढे तिची 'पैसेवारी' झाली, आणि पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही या अवर्षणग्रस्त मुलखात दीर्घकाळ टंचाईची कसोटी होती. सरासरी उत्पन्नाचे इतके पैसे, हाही एक अपूर्णांकाचा गुणाकारच आहे, आणि त्याच्या उत्तरावर गावाची वसुली व सवलत अवलंबून असे. वाटणीपत्रातील 'आठ आणे हिश्श्यातील चार आणे' म्हणजे सबंध जमिनीचे दोन आणे, एक अष्टमांश. हा भास्कराचार्याचा प्रभागच होय.

यावरून मूळ प्रश्नाकडे वळता येते. आज मुलाला १/२ × १/४ ही मांडणी दिली जाते, तेव्हा ती 'एक द्वितीयांश गुणिले एक चतुर्थांश' अशी वाचली जाते. या वाक्यातील एकही शब्द त्याच्या घरचा नाही, आणि 'गुणिले' या शब्दाने वाढीची अपेक्षा निर्माण होते. तीच मांडणी 'पावाचा निम्मा' अशी वाचली तर उत्तर अर्धा पाव, म्हणजे आठवा हिस्सा, हे त्याला सहज सांगता येते. प्रथम 'चा', मग 'पट', आणि त्यानंतर 'गुणिले' असा क्रम ठेवला, तर तिन्ही शब्द एकाच क्रियेचे आहेत हे त्याच्या ध्यानात येऊ शकते. सात कोष्टकांनी 'की' या एका प्रत्ययाने जे ऐक्य साधले होते, ते पाठांतराशिवायही साधता येते. त्यासाठी चाराची निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दीडकी शेजारी शेजारी मांडून दोन, तीन, पाच, सहा ही उत्तरे मुलाला पाहू देणे पुरेसे आहे.

मात्र तेथेच थांबले, तर हाली-कलदाराच्या सीमेवर जुनी कोष्टके जशी थांबली तसेच होईल. पावाच्या भाषेत समजलेला अर्थ तृतीयांशाला व सप्तमांशाला लागू करणे हेच अंश-छेदाच्या नियमाचे काम आहे. घरच्या भाषेतून अर्थ घ्यावा आणि शास्त्राच्या भाषेतून व्याप्ती घ्यावी. यांपैकी एकीने दुसरीची जागा घेण्याचा प्रयत्न केला की शिक्षण लंगडे होते. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची रीत सुचविली गेली तेव्हा महाराष्ट्रात जो वाद उसळला, त्यात संख्यानामांविषयीची आस्था पुष्कळ दिसली. त्या आस्थेचा काही अंश पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांच्या वाट्याला आला पाहिजे. मराठी मुलाला अपूर्णांकाचा गुणाकार शाळेत येण्यापूर्वीच येत असतो. तो दीडशे म्हणतो तेव्हा त्याने एक गुणाकार पुरा केलेला असतो. शाळेने त्याला नवा विषय शिकवीत आहोत असे न मानता, जे तो बोलतो तेच लिहावयास शिकवीत आहोत असे मानले, तर अंश आणि छेद त्याला परके वाटणार नाहीत.